पोस्टकार्डाखालची ओळ

“उत्तर बरोबर आलं म्हणून गणित बरोबर होत नाही,” हेमांगी केळुसकर एकदा एका बापाला म्हणाली होती.

बाप तणतणत आला होता. पोराच्या सराव परीक्षेतलं पाच गुणांचं उदाहरण. उत्तर पुस्तकामागे छापलेल्या उत्तराशी दशांशापुढच्या दोन आकड्यांपर्यंत जुळणारं, आणि बाईंनी शेजारी लाल शाईत भोपळा काढलेला.

“मॅडम, उत्तर चुकलंय का?”

“नाही.”

“मग भोपळा कशाचा?”

हेमांगीने पेपर त्याच्याकडे फिरवला. “ही तिसरी पायरी बघा, इथे वजाचं चिन्ह खाल्लंय. आणि ही पाचवी, इथे परत खाल्लंय. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं, म्हणून उत्तर जुळलं. यात तुमच्या मुलाचं काय?”

“अहो, सीईटीला स्टेप्स कोण बघतं? गोळा काळा करायचा, विषय संपला.”

“माझा नाही संपत.”

दुसऱ्या आठवड्यापासून पोरगा स्टेशनजवळच्या एसी क्लासला जायला लागला. हेमांगीने ही गोष्ट रात्री जेवताना नवऱ्याला सांगितली, तेव्हा सहदेव ताटातून मान वर न करता म्हणाला, “शून्याची एवढी आवड असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.”

डोंबिवली पूर्वेला रामनगरात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचा क्लास. अकरावी-बारावीचं फिजिक्स, सकाळची बॅच आणि संध्याकाळची बॅच. अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तिला शिकवताना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. फळ्यापासून खिडकीपर्यंत सात पावलं, खिडकीपासून दारापर्यंत पाच, आणि तास संपेपर्यंत ती ही बारा पावलं चालत राहायची. मुलं म्हणायची, केळुसकर बाईंचा तास म्हणजे टेनिसची मॅच, माना दुखतात. घरीही तेच. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती ओट्यापाशी उभी राहू शकत नसे, दुसऱ्या शिट्टीला गॅलरीत, तिसरीला परत आत. सहदेव वीज मंडळातून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, “अगं, तुला अर्थिंगच नाही कुठे.”

ती बसायची ती फक्त पेपर तपासताना. त्याची तिची एक रीत होती. एक जुनं, कडा मऊ झालेलं पिवळं पोस्टकार्ड ती प्रत्येक उदाहरणाच्या शेवटच्या ओळीवर ठेवायची आणि मग पहिल्या ओळीपासून वाचत खाली यायची. उत्तर आधी दिसलं की डोळे लाच खातात, असं ती म्हणे. बरोबर उत्तर दिसलं की मधल्या चुका दिसेनाशा होतात, आणि चुकीचं दिसलं की मधलं चांगलं कामही दिसत नाही. म्हणून उत्तर शेवटी उघडायचं. मुलांना वाटायचं, ते पोस्टकार्ड म्हणजे बाईंचं काहीतरी देवधर्माचं. त्याची मजकुराची बाजू नेहमी खाली असायची.

ही रीत तिची स्वतःची नव्हती. ती तिला डॉक्टर टिपणीसांनी दिली होती.

विश्राम टिपणीस ठाण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि विद्यापीठाची मान्यता असलेले पीएच.डी.चे मार्गदर्शक होते. चौऱ्याण्णव साली हेमांगी त्यांच्याकडे आली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, लग्नाला चार महिने झाले होते, आणि सरांनी तिला एक प्रश्न दिला होता. प्रश्न ऐकला त्या दिवशी ती ठाण्याहून डोंबिवलीला घरी आली आणि चप्पल काढायची विसरून स्वयंपाकघरात शिरली, म्हणून सासूबाईंची बोलणी खाल्ली.

प्रश्न असा. कृष्णविवर म्हणजे प्रचंड वजन एवढ्याशा जागेत कोंबलेलं. त्याभोवती एक हद्द असते, तिला क्षितिज म्हणतात. त्या हद्दीच्या आत गेलेलं काहीही, उजेडसुद्धा, परत येत नाही. विवर स्वतःभोवती गरगरत असेल तर ते आजूबाजूच्या जागेलाच सोबत ओढून फिरवतं. डोंबिवलीला मोठागावच्या खाडीत ओहोटी लागली की पुलाच्या खांबांजवळ भोवरा धरतो. त्यात पडलेली काटकी सरळ बुडत नाही, आधी तिला फिरावं लागतं, तसं. आता धरून चालायचं की विवर जास्तीत जास्त जेवढं फिरू शकतं तेवढं फिरतंय. लांबून दोन कण त्याच्याकडे पडत आले आणि क्षितिजाच्या अगदी तोंडाशी एकमेकांवर आदळले. तर ती टक्कर किती जोराची?

“माणसाने बांधलेलं कुठलंच यंत्र त्या टकरीच्या जवळपास जाणार नाही,” सर म्हणाले होते. “पण नेमकं किती? ते तू काढ.”

तिने काढलं. सात महिने लागले. अकरा पानं झाली आणि अकराव्या पानाच्या तळाशी उत्तर आलं तो आडवा पाडलेला आठ होता. अनंत.

वही घेऊन ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा सर कुठल्याशा मीटिंगला निघाले होते. एक हात कोटाच्या बाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताने वही घेतली. पानं उलटली नाहीत. काही झाकलं नाही. शेवटची ओळ बघितली, खिशातलं लाल पेन काढलं आणि त्या आडव्या आठावरून एक रेघ ओढली.

“अनंत आलं की समजायचं, आपण मधे कुठेतरी झोपलो होतो. चूक शोध, हेमांगी.”

तिने शोधली. नऊ दिवस शोधली. दहाव्या दिवशी सासूबाईंना, गोदूबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. पंधरा दिवसांची रजा हेमांगीने स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि ती रजा पुढे कधी संपली नाही. गोदूबाई सहा वर्षं अंथरुणावर होत्या. मधे ऐश्वर्या झाली, क्लास सुरू झाला. वही कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली गेली, जिथे डोंबिवलीत सहसा कुणाचा हात जात नाही.

पंच्याण्णव साली सरांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. “चि. हेमांगी, चूक सापडली का? कळवणे. वि. टि.” तिने उत्तर पाठवलं नाही. सापडली नव्हती, मग काय कळवणार?

हे इथेच विझलं असतं. पण दोन हजार अकरात मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ती नेटवर काही शोधत होती आणि तिच्यासमोर चार ओळी आल्या. परदेशातल्या तिघांनी दोन वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की कमाल वेगाने फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाजवळ दोन कण आदळले तर त्या टकरीची ऊर्जा हवी तेवढी मोठी होऊ शकते. तिला मर्यादा नाही.

त्या चार ओळी म्हणजे नुसता सारांश होता. पूर्ण लेख एका क्लिकवर होता. तिने तो उघडला नाही. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि ऐश्वर्याला सांगितलं की तू ज्वालामुखीवर प्रकल्प कर.

त्या दिवसापासून तिच्या घरात आणखी एक बाई राहायला आली. डॉक्टर हेमांगी केळुसकर. ती बाई परदेशी जायची, तिच्या नावाने परिणाम ओळखला जायचा, तिला कुणी सीईटीबद्दल विचारत नसे. खरी हेमांगी भाजी निवडताना, फळा पुसताना, बेसिनसमोर दात घासताना तिच्याकडे बघत असे, आणि तिला बसवत नसे. वर्षातून एखाद्या वेळी ती कपाटातून वही काढायची, अकरावं पान उघडायची, आडवा आठ बघायची, त्याच्यावरची लाल रेघ बघायची, आणि वही परत ठेवायची. फक्त तळाची ओळ. दहा पानं आणि वरच्या तीस ओळी तिने तेरा वर्षांत एकदाही वाचल्या नाहीत. जगभरच्या पोरांची उत्तरं झाकणाऱ्या बाईने स्वतःचं उत्तर तेवढं उघडं ठेवलं होतं.

ते उत्तर आपण आधी काढलं होतं आणि सरांनी खोडलं होतं, हे तिने दोघांनाच सांगितलं होतं. एक सहदेव. दुसरा साईनाथ गायकर.

साईनाथ तिच्याच वेळी सरांकडे होता. डोंबिवलीच्या कडेच्या गावातला, घरची शेती बिल्डरकडे गेलेली, घरातला पहिला पदवीधर. त्याने पीएच.डी. पुरी केली, सरांच्याच कॉलेजात लागला, उपप्राचार्य झाला. मोठ्याने हसायचा, मोठ्याने बोलायचा, आणि हेमांगीला पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणायचा. त्याचाच एका शुक्रवारी फोन आला.

“गो बाय, सरांना एक्याऐंशी लागलंय. सहस्रचंद्रदर्शन करतोय आम्ही. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, संध्याकाळी पाच, नौपाड्यातला हॉल. तू पाच मिनिटं बोलायचंस.”

“मी नाही येत.”

“जुन्या विद्यार्थ्यांत दोन बायका. एक अमेरिकेत. राहिलीस तू.”

“साईनाथ, मी आले तर खरं बोलेन.”

मग तो म्हणाला, “म्हाताऱ्याला स्टेजवर धुऊ नको हां. पण ये. मी गाडी घेऊन येतो न्यायला.”

ती हो म्हणाली. आणि पुढचे पंधरा दिवस तिच्या बारा पावलांची चोवीस झाली. भाषण ती गॅलरीत चालता चालता करायची. सुरुवात रोज बदलायची, एक वाक्य पक्कं होतं, ‘सर, तुम्ही त्या पानावर मारलेली रेघ माझ्यावरून गेली.’ या वाक्यानंतर हॉलमध्ये काय होईल, ते ती पुन्हापुन्हा बघायची. सर मान खाली घालतील. की घालणार नाहीत? कुणीतरी उठून जाईल. कुणीतरी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघेल. तेरा वर्षं ज्या बाईला तिने आतल्या आत पोसलं, तिला एकदा, पाच मिनिटं, लोकांसमोर उभं करायचं होतं. यापलीकडे तिला काही नको होतं, आणि याहून कमी चालणार नव्हतं.

शनिवारी सहदेवने ते वाक्य ऐकलं.

“वाक्य चांगलंय,” तो म्हणाला. “पण एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळत असताना?”

“खरं आहे ते.”

“खरं असेल तर बोल. नंतर आठवडाभर रडायचं नाही.” तो पेपरची घडी घालत थांबला. “आणि समज, कुणी तिथेच म्हणालं की दाखवा बघू गणित. सगळी शिकलेली माणसं असणार. मग?”

“वही नेते ना.”

“नीट बघून ने. वाळवी-बिळवी लागलेली असायची.”

रविवारी सकाळची बॅच सुटल्यावर तिने क्लासच्या रिकाम्या खोलीत वही उघडली. वाळवी लागली नव्हती. शाई थोडी तपकिरी झाली होती. तिथे कुणी प्रश्न विचारला तर अडायला नको, म्हणून तिने सगळ्या पायऱ्या एकदा नजरेखालून घालायचं ठरवलं. ती खुर्चीत बसली. आणि सवयीने, काही मनात न आणता, अठ्ठावीस वर्षं हात जे करत आला तेच हाताने केलं. पोस्टकार्ड उचलून अकराव्या पानाच्या शेवटच्या ओळीवर ठेवलं.

मग पहिल्या पानापासून वाचत आली. अक्षर बारीक होतं, घाई नसलेलं, आणि तिला त्या मुलीचं कौतुक वाटत गेलं. सहाव्या पानावरची एक युक्ती तर आता तिला सुचली नसती. सातवं. आठवं. नवव्या पानावर मधोमध दोन वर्गमुळं शेजारी शेजारी होती, दोन कणांच्या आत जाण्याच्या वेगाची. वर्गमुळाला दोन चिन्हं असतात, अधिक आणि वजा, आणि कुठलं घ्यायचं ते आपण ठरवायचं असतं. कण बाहेर येत असेल तर अधिक. आत पडत असेल तर वजा. पहिल्या कणाला वजा होतं.

दुसऱ्याला अधिक होतं.

पंख्याने वहीचं पान उचललं, तिने अंगठ्याने दाबलं.

तिच्या गणितात एक कण कृष्णविवरातून बाहेर येत होता. जिथून काहीच बाहेर येत नाही, तिथून चढून वर येत होता, समोरून पडत येणाऱ्या दुसऱ्यावर आदळायला. अशी टक्कर झाली तर अनंत येणारच. विवर फिरो न फिरो, कण कुठलेही असोत, येणारच. त्यात शोध काही नव्हता. बारावीतलं पोरही ही चूक करतं, आणि ती त्याला भोपळा देते.

ती फळ्याशी गेली. खडू घेतला. अधिकचं वजा केलं आणि पुढे सोडवत आली. वर शून्य, खाली शून्य, आणि नीट हिशेब केला की मधून एक साधी, मर्यादित संख्या. टक्कर जोराची, पण मोजता येण्याजोगी. आडवा आठ नाही.

ती खिडकीपर्यंत गेली. परत आली. मग जो प्रश्न तिला चौऱ्याण्णव साली पडायला हवा होता तो आता पडला. प्रत्येक कणासाठी उत्तर मर्यादित येतं, पण एखादा कण असा आहे का की ज्याच्यासाठी येत नाही? अर्ध्या तासात फळ्यावर तो सापडला. एकच. त्याची फिरत येण्याची गती विवराच्या फिरण्याशी काटेकोर जुळलेली हवी. किंचित कमी असेल तर तो इतरांसारखा आत पडतो. किंचित जास्त असेल तर अलीकडूनच परत फिरतो. नेमका तेवढाच असला तर तो क्षितिजाभोवती घिरट्या घालत जवळ सरकत राहतो, त्याच्या स्वतःच्या घड्याळाने कधीच पोचत नाही, आणि वाटेत दुसरा कण त्याच्यावर येऊन आदळला तर टकरीला मर्यादा राहत नाही. त्या तिघांनी हे दाखवलं असणार. तिने हे कधीच काढलं नव्हतं.

चूक शोध, सर म्हणाले होते. ती शोधली असती तर पुढची पायरी हीच होती. नऊ दिवस तिने शोधली ती चूक नवव्या पानावर होती, आणि त्या नऊ दिवसांत ती पुन्हापुन्हा शेवटच्या दोन पानांवरच घुटमळली होती. उत्तराच्या आसपास.

फळा पुसताना तिच्या लक्षात आलं की गॅलरीत रोज म्हटलेलं ते वाक्य तिला आठवत नाहीये.

साडेतीनला साईनाथचा हॉर्न वाजला. तिने फोन करून येत नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण तो ठरल्यापेक्षा तासभर आधीच येऊन पोचला होता. ती साडी बदलून खाली गेली. पर्समध्ये वही होती, पोस्टकार्ड होतं. का घेतलं, तिला सांगता आलं नसतं.

मोठागावच्या नव्या पुलावरून गाडी खाडी ओलांडू लागली. ओहोटी होती. खाली खांबांशी पाणी गोल फिरत होतं.

“आज साडीबिडी,” साईनाथ म्हणाला. “लढाईला निघालीस की लग्नाला?”

“साईनाथ, मला बोलायचं नाहीये. माझं नाव काढ.”

“आता? कार्यक्रमपत्रिका छापलीय गो.”

पुढे हायवे लागला आणि माजिवड्याच्या अलीकडे सगळं थांबलं. ट्रकामागे ट्रक. मेट्रोच्या खांबांना हिरवं कापड गुंडाळलेलं. गाडी दोन हात पुढे जायची, थांबायची. हेमांगीची टाच सारखी वरखाली होत होती. साईनाथने एसी वाढवला, कमी केला, मग स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, “एक सांगायचंय. ओरडू नको. मी सरांना सांगितलं.”

“काय?”

“हेच. की तू ते आधी काढलेलंस आणि त्यांनी खोडलेलं. गेल्या रविवारी गेलेलो घरी. राहावलं नाही. तू स्टेजवर म्हाताऱ्याच्या अंगावर जाणार, आणि त्यांना पत्ताच नाही, हे बरं दिसतं का? काकूपण होत्या तिथे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ती बोलायच्या आधी मी बोलतो.”

हेमांगीने दाराचा खटका ओढला. डावीकडे ट्रकचं चाक होतं, दार वीतभर उघडून थांबलं.

“अगो मरशील! बंद कर ते!”

“साईनाथ, ते पान चुकलंय.”

“काय चुकलंय?”

“माझं गणित. नवव्या पानावर चिन्ह चुकलंय. सरांनी खोडलं ते बरोबर होतं.”

साईनाथने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिला कळलं की काही उपयोग नाही. तो गलबलला होता.

“म्हाताऱ्याची दया आली ना?” तो म्हणाला. “मला माहीत होतं. तेरा वर्षं शिव्या घालशील आणि वेळ आली की सांभाळून घेशील. असं नको करू बाय. आज तुला मिळतंय ना, घे. चिन्हबिन्ह काय.”

“मी खरं सांगतेय.”

“हो हो. खरंच सांगतेस.” त्याने तिच्या हातावर थोपटलं आणि गिअर टाकला. ट्रक हलला होता.

हॉल भरलेला होता. अत्तराचा, निरांजनाच्या तुपाचा, नव्या साड्यांचा वास. स्टेजवर चांदीच्या चंद्राची पूजा झाली होती. टिपणीस सर उंच पाठीच्या खुर्चीत, डोक्यावर पुणेरी पगडी, ती थोडी मोठी होत होती आणि मधूनमधून त्यांच्या भुवईवर उतरत होती. सरांच्या पत्नी सुमतीकाकू आणि घरातल्या बायकांनी एक्याऐंशी दिव्यांचं ताट फिरवलं, तेव्हा सरांचे डोळे त्या उजेडात पांढुरके दिसले. मोतीबिंदू झाला असेल. हेमांगी तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. बसली होती म्हणजे खुर्चीच्या टोकाला टेकली होती.

भाषणं झाली. मग सरांनी माईक मागितला. माईक नीट धरायला साईनाथ शेजारी उभा राहिला.

“माझ्याबद्दल सगळे चांगलं बोलले,” सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तसेच सुटे, एकेक ठेवल्यासारखे. “त्यातलं निम्मं खोटं आहे, ते मी वयामुळे माफ करतो.”

लोक हसले.

“एक खरी गोष्ट मी सांगतो. तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. हेमांगी केळुसकर. तिने एक गणित सोडवून आणलं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, उत्तर झाकून वाचा. आणि त्या दिवशी मी स्वतः फक्त उत्तर वाचलं. ते मला अशक्य वाटलं. मी खोडलं. तिने संशोधन सोडलं. पुढे पंधरा वर्षांनी तेच उत्तर जगाला दुसऱ्यांनी सांगितलं.” पगडी खाली आली, साईनाथने वर केली. “मी तिचा अपराधी आहे. आज एक हजार चंद्र बघितल्याचं पुण्य मला मिळालं म्हणतात. ते तिला द्या.”

पुढच्या रांगेतून एक टाळी आली. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. मागच्या रांगांत लोक उभे राहिले. शेजारची अनोळखी बाई पदराने डोळे टिपत विचारत होती, “तुम्हीच का हो? तुम्हीच का?” सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. नेमकं हेच दृश्य तिने पंधरा दिवस गॅलरीत चालता चालता पाहिलं होतं. याहून मोठं झालं होतं हे. तिने मागितलं असतं त्याहून जास्त, आणि न मागता.

तिच्या मनात आलं, इथे कुणी पान उघडून बघणार नाही. सरांना तर दिसतही नसेल. नुसतं वर जायचं, वाकून नमस्कार करायचा, श्रीफळ घ्यायचं. उत्तर तर बरोबर आहे. जगाने मान्य केलेलं उत्तर आहे.

साईनाथ माईकवरून म्हणाला, “हेमांगीताई, या. दोन शब्द. तिला आत्ताच विचारलं तर म्हणते, माझंच चुकलं होतं. अशी बाई आहे ही.” टाळ्या पुन्हा वाढल्या.

ती उठली. रांगेतून बाहेर पडली, स्टेजच्या चार पायऱ्या चढली. साईनाथने माईक पुढे केला. तिने तो हाताने बाजूला सारला आणि सरांच्या खुर्चीपाशी गेली. सरांनी तिच्यासमोर हात जोडले.

तिने पर्समधून वही काढली. नववं पान उघडलं. लाल पेनचं टोपण तोंडात धरून, दुसऱ्या वर्गमुळासमोरच्या अधिकच्या चिन्हाभोवती एक गोल काढला, रोज काढते तसा. मग पानं उलटून अकराव्या पानाच्या तळाशी, आडव्या आठावर आणि त्यांच्या रेघेवर, पोस्टकार्ड ठेवलं. या वेळी मजकुराची बाजू वर. पुन्हा नवव्या पानाशी बोट घालून वही तिने सरांच्या मांडीवर ठेवली.

सरांनी आधी पोस्टकार्डाची बाहेर आलेली कड चाचपली. ते ओढून काढलं, डोळ्यांजवळ नेलं, आपलंच अक्षर वाचलं, ‘चूक सापडली का?’ मग खिशातून जाड काचेचा चष्मा काढला. फोटोवाला म्हणत होता, सर, इकडे बघा, ताई, तुम्हीही बघा. सर बघत नव्हते. त्यांनी पोस्टकार्ड अकराव्या पानाच्या तळाशी परत ठेवलं, तळहाताने दाबून धरलं, आणि पानं मागे मागे उलटत पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

बोट सरकायला लागलेलं तिने पाहिलं. पेनचं टोपण लावलं. पायऱ्या उतरली. टाळ्या अजून चालू होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांमधून, कुणाकडे न बघता, एकाच चालीने चालत ती हॉलच्या दारातून बाहेर पडली.